‘हार्वेस्ट बग’ला मराठीत काय म्हणावे? जुन्या इंग्रजीतील चावऱ्या जिवांच्या नावांविषयी

पानोपानी (विचारणा)

नमस्कार. अठराव्या शतकातील काही इंग्रज निसर्गनिरीक्षकांची निवडक पत्रे मराठीत आणण्याचे काम मी सध्या करते आहे. त्यांत हॅम्पशायरमधील सेलबोर्न या गावी राहणारे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी ३० मार्च १७७१ रोजी थॉमस पेनंट यांना लिहिलेले एक पत्र आहे. हा पत्रव्यवहार पुढे १७८९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. पत्राच्या आरंभीच व्हाइट एका किड्याची तक्रार करतात. खडूच्या पांढऱ्या जमिनीच्या भागात उन्हाळा सरता सरता हा किडा लोकांच्या, विशेषतः बायकांच्या आणि मुलांच्या, कातडीत शिरतो, गांधी उठवतो आणि असह्य खाज आणतो. तो डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका बारीक आणि रंगाने लालभडक असतो, आणि बागेत घेवड्याच्या वेलांवर आढळतो. सशांच्या कुरणांची राखण करणाऱ्यांच्या जाळ्यांवर तो कधीकधी इतका दाटीने बसतो की जाळी तांबूस दिसू लागतात आणि त्या माणसांना चाव्यांनी ताप भरतो. ‘आम्ही त्याला हार्वेस्ट बग म्हणतो,’ असे ते लिहितात.

शाळेत ‘बग म्हणजे ढेकूण’ असे पाठ केलेले असल्यामुळे पहिल्या खर्ड्यात मी ‘सुगीचा ढेकूण’ असे लिहून मोकळी झाले. माझ्या थोरल्या बहिणीने ते पान वाचले आणि विचारले, ‘ढेकूण शेतात कसे गेले? बाज घेऊन गेले होते का?’ तेव्हापासून तो शब्द माझ्याच्याने पुढे नेववत नाही. व्हाइट यांनी स्वतः या किड्याला ‘ॲकेरस’ या वंशात घातले आहे, म्हणजे तो ‘माइट’ ठरतो. पण ‘माइट’ला मराठीत नेमके काय म्हणावे हेही मला ठाऊक नाही. शिवाय संपादकांच्या टिपांत अशा जिवांची आणखी जुनी नावे म्हणून ‘हँड-वर्म’ आणि ‘व्हील-वर्म’ हे शब्द आले आहेत. हातातला जंत आणि चाकातला जंत, अशा चित्रविचित्र कल्पना मनात येऊन गेल्या. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शब्दवेडा

आपल्या भगिनींची शंका रास्त आहे, पण आपल्यालाही फार दोष देता येणार नाही, कारण या शब्दाने खुद्द इंग्रजांना पुष्कळ चकवले आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा नव्हेच. तो आपला बागुलबुवा, अंधारात भीती घालणारे काहीतरी, किंवा शेतातले बुजगावणे. माइल्स कव्हरडेलच्या १५३५ सालच्या बायबलमध्ये एक्याण्णवाव्या स्तोत्रात ‘रात्रीच्या बगांना तुला भ्यावे लागणार नाही’ अशा अर्थाचे वचन आहे आणि त्यापायी त्या बायबलला पुढे थट्टेने ‘बग बायबल’ हे नाव चिकटले. तेथे अभिप्रेत आहेत ती भुतेखेते, अंथरुणातले ढेकूण नव्हेत. (ढेकणांच्या खोलीत रात्र काढलेल्या माणसाला हा भेद कितपत पटेल, हा प्रश्न निराळा.) हॅम्लेटच्या तोंडीही हा शब्द पिशाच्चांच्याच जोडीने येतो. किड्याचा अर्थ रूढ झाला तो सतराव्या शतकात. ‘बग’ आणि ‘बागुलबुवा’ यांच्या उच्चारांवरून नाते जुळवण्याचा मोह मला दरवेळी होतो आणि दरवेळी मी तो आवरतो.

ढेकणाला त्यापूर्वी ‘वॉल-लाउस’, म्हणजे भिंतीतली ऊ, असे म्हणत. स्पॅनिशमधून आलेला ‘चिंच’ हाही एक शब्द काही काळ चालला. मराठी वाचकासमोर तो जसाच्या तसा ठेवणे अर्थातच शक्य नाही. १७३० साली लंडनच्या जॉन साउथॉलने ढेकणांवर एक स्वतंत्र पुस्तिका काढली, जिचा एक हेतू स्वतःचे ढेकूणमार औषध खपवणे हा होता, आणि तिच्या शीर्षकात ‘बग’ हा शब्द ढेकूण याच अर्थी उघड बसलेला आहे. पुढे व्हिक्टोरियाच्या काळात सभ्य लोकांना तो शब्द उच्चारणेही लाजिरवाणे वाटू लागले आणि ढेकणाला ‘बी फ्लॅट’ व पिसवेला ‘एफ शार्प’ अशी संगीतातल्या स्वरांची सांकेतिक नावे मिळाली. अंगाने चपटा तो ‘फ्लॅट’, आणि जिचा डंख तीक्ष्ण ती ‘शार्प’. १८६२ साली बग आडनावाच्या एका गृहस्थाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ‘नॉरफोक हॉवर्ड’ असे खानदानी नाव धारण केले, तर लंडनकरांनी ढेकणालाच नॉरफोक हॉवर्ड म्हणायला सुरुवात केली. व्हाइट यांनी पत्र लिहिले त्या काळात ‘बग’चा हा विशेष अर्थ आणि ‘उपद्रवी बारका किडा’ हा सामान्य अर्थ, दोन्ही चालू होते. त्यांच्या वाक्यातला अर्थ दुसरा आहे.

आता ‘वर्म’कडे वळू, कारण खरी मौज तिथे आहे. प्राचीन इंग्रजीतला ‘विर्म’ हा शब्द आजच्या ‘वर्म’पेक्षा पुष्कळच ऐसपैस होता. बेओवुल्फच्या काव्यातला आग ओकणारा राक्षसी सर्प हा ‘विर्म’, मातीतले गांडूळ हे ‘विर्म’, आणि कातडीखाली खाजवणारा, डोळ्यांना दिसेल न दिसेल असा जीवही ‘विर्म’च. आपल्याकडे संस्कृतातल्या ‘कृमि’ या शब्दाची व्याप्ती काहीशी अशीच आहे. मात्र ‘कृमि’ आणि ‘वर्म’ यांची गाठ कोणी घालून दिली तर सावध राहावे: त्यांची मूळ रूपे एकमेकांशी यमक साधणारी असली तरी आरंभीचे व्यंजन निराळे आहे. ‘वर्म’चा खरा आप्त लॅटिन ‘वर्मिस’ हा होय.

‘हँड-वर्म’ हे त्या कुळातले फार जुने नाव आहे. त्याचे प्राचीन रूप ‘होंडविर्म’, आणि तो बहुधा खरजेचा किडा असावा. बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर त्याचे बस्तान असते, म्हणून हाताचा किडा. एक्झेटर येथील कॅथेड्रलच्या ग्रंथालयात दहाव्या शतकातले एक काव्यसंग्रहाचे हस्तलिखित आहे. त्यातील कोड्यांपैकी एकात साक्षात सृष्टीच बोलते आहे आणि आपण कशाकशापेक्षा थोर व कशाकशापेक्षा सान आहोत ते सांगते आहे. मी या पृथ्वीपेक्षा मोठी आहे आणि होंडविर्मपेक्षा लहान आहे, असे ती एका ठिकाणी म्हणते. ‘अणोरणीयान् महतो महीयान्’ हे वचन ज्याच्या कानावर आहे त्या मराठी वाचकाला ही रीत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. याच विषयावरच्या दुसऱ्या एका लांबलचक कोड्यात होंडविर्मची ओळख करून देताना कवी म्हणतो की हुशार माणसे याला सुरीने उकरून काढतात. तो तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यावरून असे दिसते की सूक्ष्मदर्शक यायच्या सहा-सातशे वर्षे आधी लोकांना हा जीव कातडीत आहे हे माहीत होते, तो नेमका कुठे दडतो हे माहीत होते, आणि तो बाहेर काढण्याचा हातखंडा उपायही होता.

त्याच शतकातल्या ‘बाल्डचे वैद्यक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औषधीग्रंथात होंडविर्मवर लेप सांगितला आहे: जहाजाचे डांबर, गंधक, मिरी आणि पांढरे मीठ एकत्र करून चोळावे. मिऱ्यांनी झालेली आग मी कल्पनेनेच सोसली. गंधकाचे मात्र डॉक्टरांनी सांगावे.

‘व्हील-वर्म’मधील ‘व्हील’ चाकाचा नव्हे. त्याचे लेखन वेगळे आहे आणि त्याचा अर्थ अंगावर उठणारी गांध.

डॉक्टरकाका

गंधकाविषयी: खरजेवर गंधकाचे मलम हा आमच्या विद्यार्थिदशेतला नेहमीचा उपाय होता आणि तान्ह्या मुलांसाठी व गरोदर स्त्रियांसाठी तो आजही वापरला जातो. अर्थात बाल्डच्या ग्रंथातील औषध चार घटकांपैकी एका घटकापुरते तरी खरोखर लागू पडत असणार. उरलेल्या तिघांची जबाबदारी मी घेत नाही.

शब्दवेडा यांच्या एका विधानाला मात्र मला थोडी मुरड घालावीशी वाटते. ‘होंडविर्म’ म्हणजे प्रत्येक ठिकाणी खरजेचा किडाच, असे धरून चालू नये. त्या ग्रंथात होंडविर्म आणि ‘डिऊविर्म’, म्हणजे दवाचा किडा, यांच्यासाठी एकच उपचार जोडीने सांगितलेला आढळतो, आणि दवाचा किडा हा बहुधा गजकर्णासारखा त्वचाविकार असावा. म्हणजे वैद्याच्या लेखी ते किड्याचे नाव असेल तितकेच विकाराचेही असेल. ‘नायटा झाला’ म्हणताना आपणही बुरशी डोळ्यांपुढे आणत नाही. सुरीने उकरण्याच्या उल्लेखामुळे कवीचा होंडविर्म हा खरजेचा किडा ठरतो, एवढे मी मान्य करतो.

या उकरण्याची पुढची कथा सांगण्याजोगी आहे. थॉमस मफेट या इंग्रज वैद्याने कीटकांवर लिहिलेला लॅटिन ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, १६३४ साली, छापला गेला. ‘व्हील-वर्म’ हे इंग्रजी नाव त्यात येते. मफेटने दोन गोष्टी अचूक टिपल्या होत्या. एक, हे किडे उवांच्या जातीचे नव्हेत, कारण उवा कातडीवर राहतात आणि हे कातडीच्या आत. दुसरी, हे पाण्याने भरलेल्या फोडात नसतात, फोडाच्या शेजारी असतात. १६८७ साली इटलीत जोव्हानी कोझिमो बोनोमो याने लिव्होर्नो येथे पाहिले की गोरगरीब बाया खरजेने बेजार झालेल्या मुलांच्या हातांतून टाचणीच्या टोकाने काहीतरी काढतात. ते त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरले, त्याचे चित्र काढले आणि खरजेचे कारण हा जीवच होय असे सांगितले. रिचर्ड मीड याने १७०३ मध्ये तो वृत्तांत इंग्रजीत आणला. इतके होऊनही वैद्यांनी तो मनावर घेतला नाही, खरूज दूषित रक्तातून उद्भवते हेच शिकवले जात राहिले, आणि ज्यांनी किडा शोधला त्यांनी फोड फोडून शोधला, त्यामुळे त्यांना तो मिळाला नाही. अखेरीस १८३४ साली पॅरिसच्या सेंट-लुई रुग्णालयात रेनुची नावाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्याने सर्वांसमक्ष सुईने किडा काढून दाखवला. ही विद्या तो आपल्या बेटावरच्या शेतकरी बायांकडून शिकला होता. मादी कातडीत बीळ कोरत पुढे जाते आणि बिळाच्या टोकाशी एक पांढुरका ठिपका होऊन बसलेली असते. सुई फोडात न घालता त्या ठिपक्याशी घालायची, एवढीच काय ती युक्ती. मादीची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते, त्यामुळे नजर चांगली असलेल्याला ती सुईच्या टोकावर दिसते. उमेदवारीच्या काळात मी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मीठाचा कण समजून झटकणार होतो, इतक्यात तो कण चालू लागला.

रोमिओ आणि ज्युलिएटच्या नाटकात मर्क्युशिओ परीराणी मॅबचे वर्णन करतो. तिचा करड्या कोटातला सारथी एखाद्या आळशी मुलीच्या बोटातून टोचून काढलेल्या गोल किड्याच्या निम्म्याइतकाही नाही, असे तो म्हणतो. रिकामटेकड्या मुलींच्या बोटांत किडे पडतात अशी तेव्हा समजूत होती. त्या किड्यामागे हा हँड-वर्मच असावा असे मला वाटते. तेथे ‘अळी’ असे भाषांतर केले तर टोचून काढण्याचा संदर्भ हरवतो.

‘व्हील-वर्म’साठी ‘गांधीचा किडा’ चालेल. आपल्या ‘गांधीलमाशी’तही तीच गांध असावी, असा माझा कयास आहे.

परदेशी_पाऊलवाट

मी गेली अकरा वर्षे इंग्लंडच्या दक्षिणेत, व्हाइट यांच्या गावापासून फार लांब नसलेल्या खडूच्या टेकड्यांवर राहते. त्यामुळे पुस्तकी नव्हे, पण अंगावरची माहिती देऊ शकते. येथे आल्यानंतरच्या पहिल्याच ऑगस्टमध्ये मी एका सोमवारी उंच गवतातून फिरून आले. संध्याकाळपर्यंत काहीच जाणवले नाही. रात्री मोज्याच्या वरच्या कडेशी आणि कमरेच्या पट्ट्याखाली अशी खाज सुटली की झोप उडाली, आणि सकाळी पाहते तो मोज्याची कड आखून दिल्यासारखी गांधींची ओळ उठलेली होती. किडा एकही दिसला नाही. तो दिसतही नाही, कारण खाज काही तासांनी सुरू होते. कपडा जिथे घट्ट बसतो तिथेच तो थांबतो.

तो मला प्रत्यक्ष दिसला तो शेजारणीच्या मांजराच्या कानात. मांजराच्या कानाच्या बाहेरच्या कडेला, खालच्या बाजूस, कातडीची एक छोटी दुहेरी घडी असते. त्या घडीत कोणी हळद-कुंकू एकत्र कालवून बोटाने टेकवावे तसा नारिंगी भुकटीचा एक पुंजका होता. भिंग लावल्यावर भुकटीतला प्रत्येक कण निराळा दिसू लागला. जाळी तांबूस होतात हे व्हाइट यांचे म्हणणे मला त्या क्षणी पटले.

नावांची एक गंमतही सांगते. येथे जुनी माणसे अजून ‘हार्वेस्ट बग’ म्हणतात, औषधांच्या दुकानात ‘हार्वेस्ट माइट’ म्हणतात, आणि स्कॉटलंडमध्ये रासबेरी तोडणाऱ्यांना चावतो म्हणून ‘बेरी बग’ म्हणतात. फ्रेंच लोक त्याला ‘आउता’ म्हणतात, कारण ऑगस्टला त्यांच्या भाषेत ‘उत’ म्हणतात. थोडक्यात, चावणारा कोणालाच दिसत नाही. चावला केव्हा आणि कुठे तेवढेच कळते, आणि नाव त्यावरून पडते.

काळीमाती

कृषी विभागातून निवृत्त झालो आहे, विदर्भात राहतो. ‘माइट’ला मराठीत काय म्हणावे या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की आमच्या शेतीच्या पुस्तकांत ‘कोळी’ म्हणतात: मिरचीवरचा कोळी, वांग्यावरचा लाल कोळी, नारळावरचा इरिओफाइड कोळी. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरही आहे, कारण माइट, गोचीड आणि जाळे विणणारा कोळी हे सारे आठ पायांच्या एकाच वर्गातले आहेत. पण ललित लेखनात ‘सुगीचा कोळी’ लिहिलेत तर वाचकाच्या डोळ्यांपुढे जाळे तरी येईल किंवा मासेमारी तरी.

गोचीडही येथे उपयोगी पडणार नाही. गोचीड रक्त पिऊन फुगते. बैलाच्या कानामागची पोट भरलेली गोचीड तळहातावर घेतली तर ती थेट एरंडीच्या बीसारखी दिसते, तशीच करडी, तुकतुकीत आणि टपोरी. लॅटिनमध्ये ‘रिसिनस’ हा शब्द गोचिडीचा आणि एरंडाचाही आहे. एरंडाचे शास्त्रीय नाव आजही तेच आहे. प्राचीन इंग्रजीतील शब्दसूचीत याच ‘रिसिनस’पुढे ‘टिसिया’ असा अर्थ दिलेला सापडतो आणि आजच्या ‘टिक’चा तो पूर्वज समजला जातो. व्हाइट यांचा किडा रक्त पीत नाही. तो कातडीत लाळ सोडून तेथल्या पेशी विरघळवतो आणि तो रस दोन-तीन दिवस शोषून आपणहून गळून पडतो. कातडीत शिरतो हे व्हाइट यांचे म्हणणेही शब्दशः खरे नाही. तो वरच चिकटलेला असतो. चावते ती फक्त त्याची सहा पायांची बाल्यावस्था, मोठेपणी तो माणसाच्या वाटेला जात नाही.

आता मुद्द्याचे. या इंग्रज किड्याचा एक जवळचा भाऊबंद आपल्याकडे प्रत्येक खेड्यातल्या मुलाला ठाऊक आहे, आणि तो म्हणजे मृगाचा किडा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मृगाची पहिली सर पडून गेली की बांधावर लाल मखमलीचे ठिपके चालू लागतात. लहानपणी आम्ही ते आगपेटीत हिरव्या पानावर ठेवत असू आणि बोट लावले की पाय पोटाशी घेऊन गप्प बसणारा तो किडा पुन्हा केव्हा चालतो याची वाट पाहत असू. तोही माइटच, व्हाइट यांच्या किड्याच्या शेजारच्या कुळातला; त्याची पिल्ले मात्र माणसाला न चावता इतर कीटकांच्या अंगावर वाढतात. नक्षत्रावरून पडलेले हे नाव आणि कापणीवरून पडलेले ते नाव एकाच रीतीचे आहे. म्हणून माझ्या मते ‘सुगीचा किडा’ लिहावे. ढेकूण तेवढा काढून टाकला की झाले.

एक इशारा. कोणी ‘चिगर’ सुचवील, तो घेऊ नये. तो शब्द कॅरिबियन बेटांकडून आला, तेथे तो पायात शिरणाऱ्या एका पिसवेचा होता, आणि अमेरिकेत या माइटांच्या पिल्लांना लागला. शिवाय २०१८ साली नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची साथ आली तेव्हापासून ‘चिगर’ म्हटले की आमच्याकडे लोकांना तो आजारच आठवतो. तो पसरवणारे माइट वेगळ्या वंशाचे आहेत. इंग्लंडमधला किडा खाज देतो, तो आजार देत नाही.

पानोपानी

सर्वांचे मनापासून आभार. काळीमाती यांची ‘मृगाचा किडा’ ही जोड मला कधीच सुचली नसती. मी ते पान बहिणीला पुन्हा दाखवले. तिने ‘सुगीचा किडा’ मान्य केला, पण एक नवे लचांड उभे केले: सुगी म्हटले की तिच्या डोळ्यांसमोर दसरा-दिवाळीनंतरचे ज्वारीचे खळे येते, आणि व्हाइट तर भर उन्हाळ्याविषयी लिहितात. ‘श्रावणातला किडा’ म्हणावे, तर खडूच्या कोरड्या टेकडीवर पावसाच्या सरी पडू लागतात. आपले काय मत आहे?

दुसरे असे की याच पत्रसंग्रहात ‘नॅट’ हा शब्द वारंवार येतो. मी सर्वत्र ‘डास’ लिहिले आहे. ते चालेल का?

शब्दवेडा

‘सुगी’ ठेवावे. सुगी म्हणजे पीक हाती येण्याचा काळ, तो कोणत्या महिन्यात येतो हे ज्या त्या देशाच्या पिकावर ठरते, आणि इंग्लंडात गहू-जव ऑगस्टमध्ये कापतात हे त्याच वाक्यात ‘उन्हाळा सरता सरता’ या शब्दांतून कळतेच आहे. फार तर पहिल्या उल्लेखाला एका ओळीची तळटीप जोडावी.

‘नॅट’ला सरसकट ‘डास’ नको. ‘डास’ हा ‘दंश’चा वंशज आहे, चावणे हे त्याच्या नावातच आहे, इंग्रजीतला ‘नॅट’ चावतोच असे नाही. पत्रात तो घोळक्याने नुसता हवेत नाचत असेल तेथे ‘चिलटे’ लिहावे, आणि चावल्याचा स्पष्ट उल्लेख असेल तेथेच ‘डास’ करावा. ‘मॉस्किटो’ हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्पॅनिश-पोर्तुगीजांकडून आला, आणि घरच्या डासांना इंग्रज त्यानंतरही पुष्कळ काळ ‘नॅट’च म्हणत राहिले, म्हणून प्रत्येक वाक्य तपासावे लागेल. मराठी बायबलच्या भाषांतरकारांपुढेही हाच पेच आला होता: नॅट गाळून काढणाऱ्या आणि उंट गिळणाऱ्या आंधळ्या वाटाड्यांच्या वचनात त्यांनी ‘मुरकूट’ हा शब्द योजला आहे. पेल्यात पडलेल्या, न चावणाऱ्या चिमुकल्या जिवाला त्याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही.

आणि पुढेमागे शेक्सपिअर हाती घ्याल तर आणखी एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो. अँटनी आणि क्लिओपात्राच्या नाटकात राणी युद्धातून पळ काढते तेव्हा तिला ‘ब्रीझ’ लागलेल्या जून महिन्यातल्या गायीची उपमा दिली आहे. त्याच वाक्यात शिडे उभारण्याची भाषा असल्यामुळे वाऱ्यावरचा श्लेष आहे हे खरे, पण शेपटी वर करून गाय उधळते ती वाऱ्याच्या झुळुकीने नव्हे. ‘ब्रीझ’ हे प्राचीन इंग्रजीत ‘ब्रिओसा’ या रूपात आढळणारे गोमाशीचे जुने नाव आहे.

काळीमाती

गोमाशी लागलेले जनावर ज्याने दावे तोडून पळताना पाहिले आहे त्याला ती उपमा टीपेशिवाय कळेल. तेथे वारा घालू नका.